मरियम गप्प राहिली तेव्हा

पुष्कळ जुनी गोष्ट आहे. तेव्हा राजा कोण होता हे आता कुणालाच सांगता येत नाही, पण समुद्रकाठच्या त्या गावातल्या विहिरीचं पाणी गोड होतं, एवढं अजून सांगतात. विहिरीच्या एका अंगाला मशीद होती, दुसऱ्या अंगाला क्रूस, आणि मधे शिंदीचं बन. दुपार कलली की दोन्हीकडच्या बायका त्या सावलीत शिंदीच्या पातीच्या चटया विणायला बसत. हात चालत आणि तोंडं त्याहून जोरात चालत. काय दिवस होते ते.

त्या बायकांत रुकय्या नावाची एक तरुण आई होती. तिच्या पदरी एकुलती एक लेक, हाजरा. पोर गोरीगोमटी, चपळ, खोडकर. तिसरं वर्ष सरत आलं तरी तोंडातून शब्द मात्र नव्हता.

रुकय्याच्या जिवाला घोर लागला होता. तशी ती घोर लावून घेण्यात पटाईतच होती. पोर शिंकली तरी तिला घटसर्प आठवे, पोर शांत झोपली तरी ती नाकाशी बोट धरून बघे. कुणी हाजराला विचारलं, "काय गं, नाव काय तुझं?" की रुकय्याच म्हणे, "हाजरा. लाजते ती. ऊन लागलंय तिला. आता तिला पाणी हवं असेल." पाणी येई, हाजरा पिई आणि पुन्हा गप्प.

"पोटुशी असताना ग्रहणात सुपारी कातरत बसली होतीस," सासू म्हणे. "मी तेव्हाच बोलले होते."

"नव्हती कातरली, अम्मा."

"मग दुसरं काहीतरी केलं असशील."

रात्र रात्र रुकय्या आठवत बसे, खरंच आपण काय केलं असेल म्हणून. शिकलेली होती, असल्या गोष्टींवर विश्वास ठेवू नये हे तिला कळत होतं. पण कळून झोप थोडीच लागते?

शेवटी सासूनं मनाशी पक्कं केलं. बाजाराच्या दिवशी परगावचा वैदू येत असे. तो जिभेखालची शीर कापून मुक्या पोरांना बोलतं करतो, अशी त्याची ख्याती. "येत्या बाजाराला त्याला घरी बोलावते," सासू म्हणाली. कापल्यावर पोर बोलेल की नाही, कोण सांगणार? आणि नाहीच कापलं, आणि पोर जन्मभर मुकी राहिली, तर दोष कुणाचा?

त्या दुपारी चटई विणता विणता तिचे डोळे भरून आले. शेजारी इनासमावशी बसली होती. क्रूसाच्या बाजूची, पिकल्या केसांची, तोंडानं फटकळ.

"रडून पात भिजवू नकोस," इनासमावशी म्हणाली. "काहीतरी सांग. तुमच्यात मरियमची गोष्ट कशी सांगतात, ते तरी सांग."

त्या गावात ही मोठी गंमत होती. मरियम दोन्हीकडची. तिचा लेकही दोन्हीकडचा. क्रूसाकडचे त्याला देवाचा पुत्र म्हणत, मशिदीकडचे म्हणत, पुत्र नव्हे, अल्लाचा बंदा आणि पैगंबर, हजरत ईसा. हा फरक सगळ्यांना ठाऊक होता. कुणी तो लपवत नसे आणि त्यावरून कुणी चटई विणायचं थांबतही नसे.

रुकय्यानं डोळे पुसले. तिची आई ही गोष्ट सांगायची, केस विंचरता विंचरता. फणीचा तो संथ हात तिला डोक्यावर पुन्हा जाणवला.

"आमच्या कुराणात गोठा नाही, मावशी," ती म्हणाली. "मरियम माणसांपासून लांब निघून जाते. एकटीच. कळा सुरू होतात तेव्हा खजुराच्या बुंध्याला धरते आणि म्हणते, याआधीच मेले असते, कुणाच्या आठवणीतही उरले नसते, तर बरं झालं असतं."

"असं म्हणते?" इनासमावशीचे हात थांबले. "बिचारी. खरी बाईमाणूस. पुढे?"

"खालून आवाज येतो, दुःख करू नकोस. तुझ्या पायाशी झरा आहे. बुंधा हलव, पिकले खजूर पडतील. खा, पी, डोळे निवव. मग ती बाळाला घेऊन आपल्या लोकांत येते. लोक म्हणतात, हे काय करून बसलीस? तुझा बाप असा नव्हता, तुझी आई अशी नव्हती. तेव्हा पाळण्यातलं बाळ बोलतं. म्हणतं, मी अल्लाचा बंदा आहे, त्यानं मला पैगंबर केलंय, आईशी चांगलं वागायला सांगितलंय." रुकय्यानं हातातली पात खाली टाकली. "ते तान्हं बोललं, मावशी. माझी एवढी घोडी बोलत नाही."

इनासमावशीनं नवी पात ओढून घेतली. मग म्हणाली, "आमच्या गोष्टीत हे नाही, म्हणून विचारते हं. लोक इतकं बोलत होते, तेव्हा मरियम काय बोलली?"

"काहीच नाही. आज कुणाशी बोलायचं नाही, असा तिला हुकूम होता. तिनं नुसतं बाळाकडे बोट..."

रुकय्या मधेच थांबली. लहानपणापासून गोष्ट ऐकली होती, पण हे तिला कुणी विचारलंच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी तिनं तोंड मिटलं. नवस नाही, नेम नाही. तो न बोलण्याचा उपवास मरियमचा. आपण बापडीनं त्याची नक्कल करू नये, हे ती जाणून होती. हाजराच्या वतीनं आणि स्वतःच्या बचावासाठी बोलायचं नाही, एवढंच. आणि एवढंच तिला फार जड गेलं. सकाळपासून शब्द तिच्या दातांवर येऊन थडकत होते. हाजरा घड्यापाशी येऊन उभी राहिली, आईकडे बघत राहिली, शेवटी पाय आपटून निघून गेली. 'तहानेनं मरेल पोर,' रुकय्याच्या मनात आलं. 'आणि मी कसली शहाणी!'

दुपारी सासूची किंकाळी आली. शेळी सुटली होती आणि वाळत घातलेल्या पातीचा तिनं फडशा पाडला होता.

"कुणी सोडली शेळी? तूच सोडली असशील. लक्ष कुठे असतं तुझं? बोल की. जीभ गेली का तुझीही?"

एरवी रुकय्यानं सात कारणं दिली असती. आज ती ओठ घट्ट मिटून उभी राहिली. अंगण एकदम शांत झालं. इतकी शांतता त्या घरात कधी झालीच नव्हती.

"मी."

सासूनं मान वळवली. हाजरा शेळीच्या गळ्याला मिठी मारून उभी होती.

"ती रडत होती. मी सोडली. आईनं नाही."

सासू शेळी विसरून हाजरापाशी आली. "पुन्हा बोल गं बाय. पुन्हा एकदा बोल."

हाजरा काही पुन्हा बोलली नाही. 'दमली असेल ती,' असं म्हणायला रुकय्यानं तोंड उघडलं आणि पदराचा बोळा तोंडात कोंबून ती हसत हसत रडली.

बाजाराच्या दिवशी वैदू आला तेव्हा सासूनं त्याला पोटभर जेवू घातलं आणि पोरीला हात न लावू देता वाटेला लावलं. हाजरा पुढे इतकी बोलकी झाली की शिंदीच्या बनात बायका तिच्यापुढे हात टेकत.

जिच्या वतीनं आपण सदा बोलतो, तिचा आवाज आपणच अडवून धरलेला असतो.