मेंढपाळाची हाक

अडीअडचणीला मंडळी पाळकसाहेबांकडे न जाता म्हाताऱ्या शद्रखमामांकडे जात. साहेबांना ते खुपलं. मामांना चर्चमधून काढायचं त्यांनी ठरवलं, आणि ती कुणकुण मंडळींना लागली.

भर उपासनेत ते गरजले, “मी तुमचा मेंढपाळ! मेंढरांनी मुकाट्यानं मागं यायचं. आजपासून शद्रखमामा या चर्चमध्ये नकोत. कुणाची हरकत आहे?”

केझियाबाई उठल्या. नवऱ्याच्या आजारपणात उशाशी बसले होते ते मामाच. आज गप्प राहायचं नाही, हे त्या घरूनच ठरवून आल्या होत्या.

“येते की मागं,” त्या म्हणाल्या. “पण खरा मेंढपाळ मेंढरांना नावानं हाक मारतो, असं प्रभूनं सांगितलंय. साहेब, मला नावानं हाक मारा.”

इतकी वर्षं समोर बसणाऱ्या बाईचं नाव साहेबांना आठवेना. त्यांनी मान फिरवली, तर शेजारच्या बाकावरची सगळी माणसं उठून उभी राहिली.

“आम्हालाही नावानं हाक मारा, साहेब.”

मामा चर्चमध्येच राहिले.