स्वामींची समाधी

"समाधी लागली की मला जगाचं भान उरत नाही. योगमठ माझ्या हवाली करा!" असं गरजून भैरवस्वामी भर दरबारात शीर्षासनात उभे राहिले. राजा भारावला. मठातल्या वृद्ध गुरूंना बाहेर काढण्याचा हुकूम तो देणार, तोच मठाची स्वयंपाकीण तुळसाक्का पुढे आली. भाकऱ्या थापता थापता तिनं पंचवीस वर्षं गुरूंची शिकवण ऐकली होती.

"महाराज, वेशीवर एक योगी कालपासून असाच उभा आहे. लोक त्यालाच थोर म्हणतात."

स्वामींचे डोळे खाडकन उघडले. "कोण तो उपटसुंभ?"

"कुणीच नाही हो," तुळसाक्का हसली. "महाराज, मन ठिकाणावर बसवणं म्हणजे योग, एवढंच आमचे गुरू शिकवतात. स्वामींचा देह तसूभर हलला नाही, मन मात्र वेशीवर जाऊन भांडून आलं!"