गैन्याची चढाई

एका गावात एक भोळा राखीव खेळाडू होता. नाव गहिनीनाथ, पण एवढं मोठं नाव कोण घेतंय? सगळे गैन्याच म्हणायचे. तो हायस्कूलच्या कबड्डी संघात होता. म्हणजे बाकावर होता. सात जण खेळायचे, पाच जण बसायचे. बसणाऱ्यांत गैन्याचा पहिला नंबर.

संघ निवडायचे दौंडकर सर. ते खेळाचे सर, त्यामुळे दिवसभर खुर्चीत असायचे. संस्थेच्या अध्यक्षांचा युवराज मात्र प्रत्येक सामन्यात आत. तो चढाईला गेला की मध्यरेषेजवळ दोन उड्या मारून परत यायचा. सर म्हणायचे, "पोरगं डोक्यानं खेळतंय."

गैन्याला एकच हवं होतं. एकदा आत जायचं. दहावीचं वर्ष होतं, नंतर कोण विचारतंय?

एका सामन्यात युवराज बाद झाला. गैन्याला वाटलं, आता आपण. उठला आणि पळत रेषेपर्यंत गेला.

"ए येड्या!" सर खेकसले. "मी सांगितल्याशिवाय बाक सोडायचा नाही. कळलं?"

"कळलं, सर."

सामना संपला. फोटोसाठी सरांनी हाक मारली, "गैन्या, ये रे, तू पण उभा राहा कोपऱ्यात."

गैन्या आला. बाक घेऊन आला. बाकाच्या दुसऱ्या टोकाला मुख्याध्यापक चहा पीत बसले होते. ते चहासकट खाली गेले. गैन्या बाक धरून बघत उभा.

"बघतोस काय?" दौंडकर सर ओरडले. "माणूस पडला की आधी धावत जायचं! हात द्यायचा, उठवायचं, अंग झटकायचं, नीट पोचवून यायचं! हेही शिकवायचं का तुला?"

"शिकलो, सर."

पुढच्या सामन्यात समोरचा तगडा गडी चढाईला आला. आपल्या चौघांनी त्याला खाली पाडला. मध्यरेषेपासून त्याचा हात वीतभर लांब. तेवढ्यात गैन्या धावत आत शिरला. चौघांना बाजूला सारलं. गड्याला हात दिला, उठवलं, पाठीवरची माती झटकली आणि मध्यरेषेपलीकडे नीट पोचवून आला.

सामना गेला. सरांचा आवाज पार एसटी स्टँडपर्यंत गेला.

"अरे, तो आपला होता का? समोरच्या शाळेचा माणूस दिसला की शिवायचं आणि माघारी पळायचं! थांबायचं नाही, बोलायचं नाही!"

"बरं, सर."

तालुक्याचा अंतिम सामना आला. समोरच्या शाळेचे मुख्याध्यापक, बाबर गुरुजी, पाहुणे म्हणून बसले होते. सर गैन्याला म्हणाले, "जा, गुरुजींना गुच्छ देऊन ये."

गैन्या "कबड्डी, कबड्डी" करत गेला, गुरुजींच्या गुडघ्याला शिवला आणि तसाच माघारी आला. गुच्छही माघारी आला.

"अरे, गुच्छ का नाही दिलास?"

"थांबायचं नव्हतं ना, सर."

त्या दिवशी गैन्याची आई आली होती. मिरची कांडपाची गिरणी एक दिवस सोडून आली होती. ती थेट सरांच्या खुर्चीपाशी गेली.

"सर, ह्याची जर्सी घरी कोरीच येते. मी धुते, पण मातीच निघत नाही. तुम्ही ह्याला खेळवता, का नुसता बसवता?"

लोक ऐकत होते. सरांनी आवाज मऊ केला. खोटं बोलताना मोठी माणसं आवाज मऊ करतात. शाळेत मला तेवढंच नीट शिकायला मिळालं.

"अहो ताई, असं काय बोलता! बाकावरचाही खेळाडूच. आत असलेला आणि बाकावर बसलेला, दोघं सारखेच. आम्ही फरकच करत नाही."

आईनं मान हलवली नाही. गैन्यानं हलवली.

सामना बरोबरीत आला. शेवटची चढाई राहिली. तेवढ्यात युवराजच्या पोटात दुखायला लागलं. सरांनी इकडं बघितलं, तिकडं बघितलं. खुर्चीमागं गैन्याची आई कमरेवर हात ठेवून उभी होती.

"जा बाबा," सर म्हणाले. "एक खेळाडू शिव आणि परत ये. एक! जिंकलो आपण."

गैन्यानं मातीला हात लावला, तो कपाळाला लावला आणि "कबड्डी, कबड्डी" करत सुटला. समोर सात जण हात धरून मागं सरकत होते. गैन्यानं त्यांच्याकडं बघितलंही नाही. कडेकडेनं वाऱ्यासारखा गेला, शेवटची रेषा ओलांडली आणि थेट त्यांच्या बाकापाशी पोचला. तिथं पाच जण शेंगा खात बसले होते. एकेकाला शिवला. पाचही. मग दम न सोडता परत आला.

पंच केव्हाचे शिट्टी मारत होते. गैन्या बाद. सामना गेला, कप गेला.

"गाढवा!" सरांना खुर्चीतून उठावं लागलं. "आत सात जण होते! बाकाकडं कशाला मरायला गेलास?"

"बाकावरचाही खेळाडूच ना, सर? तुम्हीच आईला म्हणालात." गैन्या धापा टाकत हसला. "एक सांगितला होता, मी पाच शिवले. आणि मला पकडायला एकही उठला नाही. सवयच नाही हो बिचाऱ्यांना!"