फटीबाहेरची चोच

फार वर्षांपूर्वी सह्याद्रीच्या एका रानात धनेश पक्ष्यांचं जोडपं राहत होतं. अंडं घालायची वेळ आली तशी मादी झाडाच्या ढोलीत बसली आणि चोच जाईल एवढीच फट ठेवून तिने दार लिंपून घेतलं. पिल्लू मोठं होईपर्यंत नर आणील त्या फळांवरच आत सगळ्यांना जगायचं होतं.

त्या वर्षी वड-उंबर फळलेच नाहीत. नर तीन डोंगर ओलांडून जाई, मिळेल ते आणून फटीतून देई आणि लगेच उडे. फांदीवर क्षणभर टेकणंही त्याने सोडलं.

एकदा त्याने फटीतून फळ पुढे केलं, तर पिल्लू किंचाळून आईच्या पंखाखाली शिरलं.

"काय झालं याला?" त्याने विचारलं.

"तुमचा आवाज त्याने कधी ऐकलाच नाही," मादी म्हणाली. "त्याला वाटतं, बाहेर नुसती एक चोच राहते. अहो, एक खेप कमी करा. थोडं बसा."

"अशा वर्षी? उपाशी राहाल."

"राहू एक वेळ अर्धपोटी. पण असेच थकून तुम्ही त्या डोंगरापलीकडे कुठे पडलात, तर आम्हाला कळणारसुद्धा नाही."

नर फांदीवर बसला आणि तिसऱ्या डोंगरामागच्या नदीबद्दल हळूहळू सांगू लागला.

त्या संध्याकाळी फळं खरंच कमी पडली. पिल्लू भुकेने कुरकुरत होतं. पण बाहेरचा आवाज थांबला, तसं ते पंखाखालून निघून फटीशी आलं.

"मग ती नदी पुढे कुठे गेली?" त्याने विचारलं.