हौसाचा झरा

माणसं नुसत्या वाऱ्याच्या भरवशावर होड्या हाकत, त्या फार फार जुन्या काळची ही गोष्ट.

समुद्रकाठच्या एका गावासमोर एक ओसाड बेट होतं. तिथे ना झरा, ना माणूस. तिथे भुतं नाचतात असं सांगून पोरं एकमेकांना घाबरवत. मोठी माणसं मात्र तिथल्या कपारीत गोड्या पाण्याचा रांजण भरून ठेवत. वादळात सापडलेल्याने ते पाणी खुशाल प्यावं. गावात परतल्यावर एवढंच सांगायचं, की रांजण उघडला. मग पुढची होडी जाई ती पाणी घेऊनच.

एकदा खलाशांचा म्होरक्या असलेल्या तांडेलाची मुलगी हौसा, कुणाला न विचारता, धाकट्या भावाला घेऊन होडीतून निघाली. वाऱ्याने होडी बेटाच्या खडकावर आपटली आणि फुटली. दोघांची पाचावर धारण बसली! कपारीतलं पाणी पिऊन ती कशीबशी तगली. गावकरी शोधत आले, तोवर रांजणात थेंबही उरला नव्हता; पण दोघं किनाऱ्यावरच भेटली, म्हणून कपारीत कुणी डोकावलं नाही.

परतल्यावर त्यांना बघायला ही गर्दी लोटली! एका म्हातारीने विचारलं, "पोरी, रांजण उघडलास ना गं?"

हौसाला कौतुक हवं होतं. ती ऐटीत म्हणाली, "छे! मी वाळू उकरून झरा काढला."

भावाने चमकून पाहिलं. तिने डोळे वटारले, तसा तो गप्प बसला. बापाची छाती मात्र अभिमानाने फुगली.

मग काय विचारता बाईसाहेबांचा थाट! रोज गोष्ट रंगे, आणि रोज झऱ्याची धार मोठी होई.

पुढे मोठं वादळ झालं. हौसाचा बाप आणि त्याचा म्हातारा सोबती समुद्रावरून परतले नाहीत. गाव तरी निर्धास्त. "बेटावर असतील. रांजण भरलेला आहे, शिवाय पोरीचा झरा आहे. समुद्र निवला की आणू."

हौसाच्या पायाखालची वाळू सरकली. बोलावं तर तोंड काळं होणार, न बोलावं तर बाप जाणार. आणि सांगायलाही लाज वाटते, ही पोर सबंध दिवस गप्प राहिली! दुसऱ्या दिवशी तिला राहवेना. ती भर चावडीवर किंचाळली, "झरा नाहीच! रांजण रिकामा आहे! मी खोटं बोलले!"

मग माणसं धावली. उसळत्या लाटांत होडी घातली गेली, आणि हौसाही तीत चढली.

बेटावर पाय ठेवताच ती थिजली. सगळा किनारा उकरलेला होता. जिथे तिथे खड्डे, कोरडे खडखडीत. शेवटच्या खड्ड्यात म्हातारा सोबती पडला होता. हात कोपरापर्यंत वाळूत, आणि जीव केव्हाच गेलेला.

पलीकडे बाप पडला होता. ओठ फुटलेले, श्वास जेमतेम चालू. लोकांनी तोंडात पाणी सोडलं तसे त्याने डोळे उघडले. लेकीला पाहून तो हसायला गेला.

"पोरी," तो पुटपुटला, "आम्ही पुष्कळ खणलं गं. तुझा झरा नेमका कुठे होता?"

तात्पर्य : आपण मारलेली थाप तीच माणसं खरी मानतात, ज्यांचा आपल्यावर जीव असतो.