खडकावरची सभा

नेमका कोणता उन्हाळा, हे म्हाताऱ्या कासवाला नीट आठवत नसे. पण डोहात गुडघाभरच पाणी उरले होते. रिवाजाप्रमाणे खडकावर सभा भरली. दिवसभर पाण्यात डुंबायचे, असे म्हशींनी ठरवले.

“मासोळ्यांना विचारलंत?” कासवाने चाचरत म्हटले.

“सभेला आल्या नाहीत, म्हणजे त्यांची हरकत नाही,” थोरली म्हैस म्हणाली.

“अगं, त्या खडकावर येतील कशा?”

“मग सभा पाण्यात भरवा, आजोबा!” सगळ्या हसल्या.

“चल तर,” म्हणत कासव पाण्यात शिरले. थोरलीही हसत मागोमाग उतरली. गाळ ढवळला. एका मासोळीने धापा टाकत तोंड वर काढले. “मावशी, हलू नका हो. जीव घुसमटतो.”

म्हैस जागच्या जागी थिजली. डुंबण्याचा बेत तिथेच, पाण्यात उभ्याने, रद्द झाला.

कैक वर्षांनी कासवाने विचारून खात्री करून घेतली: डोहातली सगळी मासळी त्या उन्हाळ्यात वाचलेल्या त्या एकीच्याच वंशातली होती.