पिवळा फेटा

आमच्या गावात माझ्याइतका शहाणा माणूस नाही. हे माझ्याशिवाय कुणालाच माहीत नाही, ते सोडा.

धाकटी भावजय हौसा हिची वांगी पांढऱ्या माशीने पार पिवळी पडत चालली होती. तिने पिवळे डबे एरंडेल फासून वांग्यात टांगले. म्हणे, माशी पिवळ्यावर भुलते आणि तेलाला चिकटते.

लग्नाला निघालेला मी, डोक्याला कोरा पिवळा फेटा, बांधावरूनच ओरडलो, "हौसे, शेत आहे का भंगाराचं दुकान? काढ ते डबे, नाहीतर वांगीच उपटतो!"

तावातावाने वाफ्यात शिरलो. झाडं हलली, माशा उठल्या आणि थेट माझ्या फेट्यावर बसल्या.

हौसाने पदर तोंडाला लावला. "काढते की, भावजी. तुम्ही फेट्याला एरंडेल लावून रोज इथं उभे राहताय ना?"